उन्माद आणि विषाद : एका व्याधीचीं दोन रूपें



नागपूरकर भोसल्यांचें राज्य खालसा होऊन चांद्याचा मुलूख इंग्रजी अमलाखालीं गेला तें साल १८५४. त्याच सालीं दूर पॅरिस शहरांत फालरे व बैलार्जे या दोन वैद्यांमध्यें एका शोधाच्या श्रेयावरून वाद जुंपला होता. चांद्यावरील ती राजवट केव्हांच संपली. परंतु त्या शोधांतील गोष्ट आजहि चंद्रपूर-गडचिरोलीच्या घराघरांत कामास येणारी आहे.

मनुष्य अनावर होतो तो उन्माद, खचून निश्चेष्ट होतो तो विषाद. या अवस्था पूर्वींहि ठाऊक होत्या. चरकसंहितेंत उन्मादाचे पांच प्रकार सांगितले असून, अकारण हसणें-गाणें हें वातज उन्मादाचें, तर मौन व एकांत हें कफज उन्मादाचें लक्षण मानलें आहे. फालरे यांनीं एकाच रोग्याला वर्षानुवर्षें पाहिलें, तेव्हां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आज अनावर झालेला आणि पूर्वीं कोपऱ्यांत मूक बसलेला मनुष्य एकच, व त्याची व्याधीहि एकच. १८९९ सालीं जर्मन वैद्य क्रेपेलिन यांनीं आपल्या पाठ्यग्रंथांत तिला ‘उन्माद-विषाद’ अशा अर्थाचें नांव दिलें. आज तिला द्विध्रुवीय विकार म्हणतात.

फालरे यांचे रोगी इस्पितळांतच राहत, म्हणून त्यांना हें दिसलें. आपल्याकडे नागपुरास १८६४ सालीं वेड्यांचें इस्पितळ निघालें. पण तें चांद्याहून सुमारें दीडशें किलोमीटर, आणि सिरोंचा-भामरागडच्या रानांतून तर त्याहूनहि फार दूर. येथील बहुतेक रोग्यांना वर्षानुवर्षें पाहिलें तें त्यांच्या घरच्यांनींच.

एक उदाहरण कल्पूं. विशीतला एक तरुण तेंदूपत्त्याच्या हंगामांत दोन-तीन तास झोपूनहि ताजातवाना दिसतो, अखंड बोलतो, मिळालेली मजुरी चार दिवसांत उधळतो, अडविल्यास चवताळतो. आणि हें आठवडाभर वा अधिक चालतें. पुढें रोवणीच्या दिवसांत तोच अंथरुण सोडीत नाहीं, जेवणावरची वासना जाते, कशांतच रस उरत नाहीं, ‘मी नसतों तर बरें’ असें म्हणतो; आणि हेंहि दोन आठवड्यांहून अधिक टिकतें. घरचे पहिल्याला मस्ती व दुसऱ्याला आळस म्हणतात. कोणी बाहेरची बाधा म्हणून पुजाऱ्याकडे नेतात, कोणी दोरानें बांधतात. रोग्याला साखळदंडानें बांधणें २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें निषिद्ध आहे.

डॉक्टरकडे घरचे बहुधा विषादाच्या काळांत जातात आणि उन्मादाची हकीकत सांगत नाहींत. येथेंच धोका आहे. कारण केवळ विषादावरचें औषध दिल्यास अशा रोग्याला उन्मादाचा झटका येण्याचा संभव असतो. म्हणून जातांना दोन्ही काळांची हकीकत, महिन्यांसह, लिहून न्यावी.

ही व्याधी आटोक्यांत ठेवतां येते. १८५४ नंतर ९५ वर्षांनीं, १९४९ सालीं, ऑस्ट्रेलियांतील डॉ. जॉन केड यांनीं उन्मादाच्या १० रोग्यांवर लिथियम या क्षाराचा गुण आल्याचें प्रसिद्ध केलें, व आजहि तें प्रमुख औषधांपैकीं आहे. मात्र रक्त वरचेवर तपासावें लागतें, आणि बरें वाटतें म्हणून औषध आपल्या मनानें सोडतां कामा नये. चंद्रपूरच्या उन्हाळ्यांत तर विशेष जपावें : घामानें शरीरांतलें पाणी व मीठ कमी झालें कीं रक्तांतील लिथियम धोकादायक होण्याइतकें वाढूं शकतें. हात फार कांपूं लागले, उलट्या-जुलाब झाले किंवा तोल जाऊं लागला, तर तत्काळ डॉक्टर गांठावा.

मदतीसाठीं आतां नागपूरच गांठलें पाहिजे असें नाहीं. प्रथम जिल्हा रुग्णालयांत चौकशी करावी. २०२२ सालीं सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य व मराठींतहि बोलतां येतें. मरणाची भाषा कानावर आल्यास ती थट्टेवारी नेऊं नये. त्या माणसास एकटें सोडूं नये, व त्याच दिवशीं मदत मागावी.

फालरे यांनीं जें इस्पितळांत बसून पाहिलें, तें आपल्या माणसाच्या बाबतींत आपण घरबसल्या पाहत असतों. पाहिलेलें न लपवितां सांगणें, एवढेंच आपल्याकडून उरतें.