वीज कुणासाठी? : १९४३ चा प्रश्न आणि लहान अणुभट्टी

वणी तालुक्यातील राजूर, उकणी या गावांची नावे यवतमाळ जिल्ह्याबाहेर फारशी कुणी घेत नाही. त्यांच्या पोटातला कोळसा मात्र वर्षानुवर्षे बाहेर जातो आणि वीज होऊन शहरांत पोहोचतो. ह्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने शेतपंपाची वीज रात्रीच्या पाळीत घेतली आणि साप-विंचवाच्या बांधावरून अंधारात जाऊन ओलित केले. आता जुन्या कोळसा केंद्रांच्या जागी लहान अणुभट्ट्या बसविण्याची भाषा सरकारदरबारी सुरू आहे. एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मितीने रशियाच्या रोसाटॉमशी थोरियमवर चालणाऱ्या लहान अणुभट्टीसाठी सामंजस्य करार केला. कोळशाच्या धुळीत वाढलेल्या माणसांनी स्वच्छ विजेला विरोध करण्याचे कारण नाही. पण विजेचा इतिहास आपल्या बाजूने एकदा वाचून पाहिला पाहिजे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपल्या मुलांना पाठ असते. विजेचा विषयही त्यांच्याच खात्यात होता, हे पदवीच्या वर्गातही सांगावे लागते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरण समितीपुढे ते बोलले. केंद्रे किती आणि कुठे, हा तज्ज्ञांचा हिशेब झाला. बाबासाहेबांनी त्याआधीचा प्रश्न विचारला. भारताला वीज हवी तरी कशासाठी? त्यांचे उत्तर दारिद्र्यापासून सुरू होते. जमिनीवर पोट भरणारी माणसे इतकी झाली आहेत की जमीन त्यांना पोसू शकत नाही. त्यांना शेतीतून बाहेर काढायचे तर उद्योग हवेत आणि उद्योगांना स्वस्त, मुबलक वीज हवी. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला हे उत्तर समजावून सांगावे लागत नाही. विजेची मालकी खासगी असावी की सरकारी, हा प्रश्नही त्यांनी तिथेच मांडला. पुढे १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी स्पष्ट मागणी त्यांनी केली.

अणुशक्तीचा पहिला कायदा १९४८ चा. त्यातील गुप्ततेच्या कलमांवर तेव्हाच्या सभागृहात आक्षेप आले होते. नेहरूंनी ती कलमे राखली. १९६२ च्या कायद्याने अणुवीज केंद्र सरकारच्या हाती ठेवली. म्हणजे मालकी सार्वजनिक झाली, पण जनतेला आत डोकावण्याची सोय नव्हती. सार्वजनिक विहिरीवर पहारा बसवावा, तसा हा प्रकार. विहिरीचा अनुभव आपल्याला नवा नाही!

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्या व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक. प्रत्येक भट्टी २१० मेगावॅटची. पुढे क्षमता १६० वर आणली गेली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था ३०० मेगावॅटपर्यंतच्या भट्टीला लहान म्हणते. त्या मापाने देशाची पहिली अणुवीज लहान भट्टीतूनच आली. पुढे तारापूरच्याच तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठवली गेली; पुनर्वसनाचे भांडण उच्च न्यायालयापर्यंत गेले.

मग आज नवे काय आहे? भट्टीचे भाग कारखान्यात तयार करायचे, वाहून न्यायचे आणि जागेवर जोडायचे, ही कल्पना नवी. तिच्या मागे खासगी भांडवल आणि स्टार्टअप म्हणविणाऱ्या कंपन्या आहेत, हेही नवे. ओरेगन राज्य विद्यापीठातील संशोधनातून २००७ साली उभी राहिलेली न्यूस्केल त्यांतली नावाजलेली. युटा राज्यातील वीजसंस्थांसाठी तिचा ४६२ मेगावॅटचा प्रकल्प आयडाहोत व्हायचा होता. खर्चाचा अंदाज ५३० कोटी डॉलरवरून ९३० कोटींवर गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्प रद्द झाला. लहान म्हणजे स्वस्त, हे अजून सिद्ध व्हायचे आहे. बाबासाहेबांची अट मात्र स्वस्त विजेची होती.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात लहान भट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपये जाहीर झाले. २०३३ पर्यंत पाच देशी भट्ट्या चालू करायच्या आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ नावाचा कायदा संमत केला आणि अणुवीज खासगी कंपन्यांना खुली केली. नाव शांती, आत अपघाताच्या भरपाईचे कोष्टक आहे. सर्वांत मोठ्या भट्टीच्या चालकाची जबाबदारी ३,००० कोटींपर्यंत, सर्वांत लहान भट्टीची १०० कोटींपर्यंत. त्यापुढचा भार सरकारचा, म्हणजे करातून तुमचा-आमचाच. निकृष्ट यंत्र पुरविणाऱ्याकडून वसुली करण्याचा जो हक्क २०१० च्या कायद्याने चालकाला दिला होता, तोही गेला. माहिती प्रतिबंधित ठरविण्याचा अधिकार मात्र सरकारने हातचा सोडलेला नाही. १९४८ ची गुप्तता राहिली, १९६२ ची मालकी गेली.

ह्या मालकीत आपले काय होते, ते भरपाईच्या कोष्टकात दिसत नाही. कोळसा खाणी १९७० च्या दशकात सरकारी झाल्या. वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये आणि वीज मंडळात राखीव जागांवर आपली माणसे लागली. फिटर, वायरमन, कारकून, क्वचित अभियंता. वस्तीतले पहिले पक्के घर आणि कॉलेजात गेलेली पहिली मुलगी बहुधा अशाच पगारातून आली. खासगी भट्टीला राखीव जागांचे बंधन नाही, आणि नव्या कायद्याने ते घातलेलेही नाही.

वर्गात हे सांगत असता खाणवस्तीतल्या एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील खाणीत कायम कामगार, भाऊ ठेकेदाराकडे. तो म्हणाला, “सर, भट्टी इकडं आली तर भरती कंपनी करन का ठेकेदार?”