उन्हाळ्यात हृदयरुग्णांनी पाणी, मीठ आणि गोळ्या कशा सांभाळाव्यात?

मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा बसल्या जागीही हृदयाला जास्त काम पडते. उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि तो सावरण्यासाठी ठोके वाढतात. घामावाटे पाणी गेल्याने रक्तही दाट होते. निरोगी हृदय हा ताण पेलते. आधीच अशक्त झालेले हृदय कमी पडू शकते.

गोळ्या चालू ठेवायच्या का?

हो. मनाने कोणतीही गोळी बंद करू नका. मात्र फ्युरोसेमाइड, टॉरसेमाइडसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि घाम मिळून शरीरातील पाणी फार कमी होऊ शकते. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके गरजेइतके वाढत नाहीत. म्हणून ऊन तापण्याआधीच डोस तपासून घ्या. उभे राहताना चक्कर येत असेल किंवा लघवी कमी आणि गडद होत असेल, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

पाणी किती प्यावे?

‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला सरसकट सगळ्यांसाठी नाही. हार्ट फेल्युअरच्या अनेक रुग्णांना पाण्याची मर्यादा घालून दिलेली असते. उन्हाळ्यात ती किती वाढवायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. घरात साधा वजनकाटा ठेवा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करा. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढले, तर बहुधा अंगात पाणी साठते आहे. भराभर उतरले, तर पाणी कमी पडते आहे. दोन्ही वेळा फोन करा.

खारे ताक, पन्हे, ओआरएस घरचे लोक मायेने पुढे करतात, पण त्यातले मीठ अंगात पाणी धरून ठेवते. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असते. स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू असेल, मूत्रपिंड कमजोर असेल, तर ते रोज पिण्याआधी विचारा.

थांबू नका

छातीत दाब, दम लागणे, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम यापैकी काही झाले तर ‘ऊन लागले असेल’ म्हणून कांद्याचा रस चोळत बसू नका. १०८ ला फोन करा. अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. १०८ ला कळवून त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला. पूर्ण शुद्धीवर नसलेल्याला तोंडाने काहीही पाजू नका.