पट, पडताळणी आणि सातवी फायनल

आमचे आजोबा 'मी सातवी फायनल' असं सांगायचे, आपण 'एमएस फ्रॉम अमुकतमुक' सांगतो ना, त्याच थाटात. व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे मराठी सातवीची परीक्षा. ती पास झालं की मास्तरकी किंवा तलाठ्याची नोकरी मिळू शकायची. खेड्यातली सातवी ही त्या काळची डिग्रीच होती म्हणा ना!

पण तिथवर पोचणार किती जण? १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनला सुनावलं होतं की सारा भरतो शेतकरी आणि पैसा जातो वरच्यांच्या उच्च शिक्षणावर. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं बिल मांडलं, ते १९१२ मध्ये फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्ती आणली, पोराला न पाठवणाऱ्या बापाला दंडसुद्धा ठेवला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावची शाळा त्यांच्याकडे गेली.

आता खरी गंमत 'पट' या आकड्याची. किती शिक्षक मिळणार, ते पटावर ठरतं. आपल्या भाषेत सांगायचं तर जो मेट्रिक, तोच इन्सेंटिव्ह. मग डेटाचं काय होतं, हे अप्रेझल दिलेल्या कुणालाही विचारा.

नांदेड जिल्ह्यातली मोहीम बघून ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला सरकारने राज्यभर पटपडताळणी केली. एकच पोर दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई, अगदी मतदानासारखी. पटावरची सुमारे २० लाख मुलं जागेवर सापडली नाहीत. पेपरांनी सगळ्यांना 'बोगस' म्हणून टाकलं. मला हे सरसकट पटत नाही. ६ तारखेला दसरा होता, मराठवाड्यात सोयाबीन काढणीचे दिवस. त्यातली किती पोरं कागदावरची आणि किती शेतात, हे एका शाईच्या ठिपक्यावरून कसं कळणार? बोगसगिरी होतीच, प्रचंड होती. पण गैरहजर पोर आणि खोटं पोर हे दोन वेगळे बग आहेत.

असो. आता नेमका उलटा प्रश्न आहे. गावं आटली, ज्यांना परवडतं ते पिवळ्या बसमधून इंग्लिश मीडियमला जातात आणि पट खराच कमी होतो. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने २० पेक्षा कमी पटाच्या सहावी ते आठवीच्या वर्गांना शिक्षक मिळणं अवघड केलं, त्यावरून बराच विरोध झाला. सरकारचं गणित अगदीच खोटं नाही. चौदा पोरांना तीन विषयांचे तीन शिक्षक कुठून देणार? पण शिक्षक काढला की उरलेली पोरंही जातात, मग पट अजून घटतो. हा लूप तोडायची कंडिशन कुठे लिहिलेली मला तरी सापडली नाही.

शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीची शाळा ३ किलोमीटरच्या आत हवी. मध्ये ओढा असेल आणि एसटी नसेल तर बारा वर्षांच्या मुलीला तेवढं अंतर पुरतं, घरी बसवायला.

तुमच्या गावच्या शाळेत सातवीचा पट किती आहे हो? पुढच्या वेळी गेलात की विचारून या.