तंबाखूची मावसबहीण

मराठी घरात फुलांच्या जाती तीनच. देवाची, डोक्यात माळायची आणि औषधाची. जास्वंद देवाची, अबोली डोक्यात माळायची, आणि पारिजातक तसा देवाचा, पण ताप आला की त्याच्या पानांचा काढा होतो म्हणून औषधाचाही. या तिन्हींत जे बसत नाही त्याला आमच्याकडे 'शोभेचं' म्हणतात. हा शब्द आमच्या घराण्यात ज्या सुरात उच्चारला जातो, त्या सुरात एरवी फक्त घरजावयाचा उल्लेख होतो.

पिटुनिया हे असं शोभेचं फूल. बऱ्याच जातींना वास नाही. पाकळी इतकी नाजूक की वेणीत गुंफेपर्यंत मान टाकते. आणि झाड हाताला चिकट लागतं. माझ्या गॅलरीतलं पहिलं फूल आईने खुडलं, लगेच बोटं पदराला पुसली आणि विचारलं, "याला काय झालंय रे?"

काही झालेलं नव्हतं. ती चिकटाई घराण्यातून आलेली आहे, आणि घराणं आहे तंबाखूचं. दक्षिण अमेरिकेतले मूळचे रहिवासी तंबाखूला 'पेटुन' म्हणत. फ्रेंचांनी तो शब्द उचलला आणि १८०३ साली आंत्वान लोराँ द जुसिए नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने या फुलाला 'पिटुनिया' असं नाव ठेवलं. म्हणजे एखाद्या नाजूक मुलीचं बारसं करताना आत्याने कानात 'तंबाखी' म्हणून कुर्रर्र केल्यासारखंच झालं. बाकी नातेवाईक पाहाल तर वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची, धोतरा आणि रातराणी. एका कुळात भरल्या वांग्यांपासून विषापर्यंत सगळी सोय. हे मी आईला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग वांगीच लाव ना. खाता तरी येतील."

मंडळी, या बिनकामाच्या फुलाचा इतिहास मात्र एखाद्या बखरीला लाजवील असा आहे.

१७६६ साली बूगँव्हिल नावाचे फ्रेंच दर्यावर्दी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. मोहिमेतल्या दुसऱ्या जहाजावर फिलिबेर कॉमर्सन हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. प्रकृतीने तोळामासा, पण गवताची काडी दिसली तरी वहीत दाबून ठेवायची हौस दांडगी. त्यांच्याबरोबर एक मदतनीस होता. भलताच कामसू. डोंगर चढायचा, ओझी वाहायचा, झाडांच्या नोंदी ठेवायचा. १७६७ च्या जून-जुलैत जहाज रिओ दि जानिरोला आणि पुढे माँटेव्हिडिओला लागलं. रिओला या जोडीने एक काटेरी वेल गोळा केली आणि तिला कप्तानाचं नाव दिलं. तीच आपल्या प्रत्येक बंगल्याच्या फाटकावर चढलेली बोगनवेल. वरिष्ठांना खूष ठेवण्याची कला सरकारी खात्यांत आली कुठून, याचा हा एक धागा समजायला हरकत नाही. माँटेव्हिडिओच्या बाजूला मिळाली पांढऱ्या फुलांची एक साधीसुधी रानटी वनस्पती. तिला कोणा साहेबाचं नाव मिळालं नाही. तीच आपली पिटुनिया.

आणि तो कामसू मदतनीस? तो 'तो' नव्हताच. ती होती जान बारे. त्या काळी फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बाईला पाऊल ठेवायची बंदी, म्हणून बाईंनी पुरुषाचे कपडे चढवले आणि दीडएक वर्ष सगळ्या खलाशांच्या डोळ्यांत धूळ फेकली. बूगँव्हिलच्या वृत्तांताप्रमाणे १७६८ साली ताहितीला बिंग फुटलं. तिथल्या लोकांनी बाईंना एका नजरेत ओळखलं म्हणे. पुढे कॉमर्सन मॉरिशसला उतरले आणि १७७३ साली तिथेच वारले. जान बारे त्यानंतर केव्हातरी मायदेशी पोचल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारी पहिली बाई ठरल्या. १७८५ साली आरमाराने त्यांना वर्षाला दोनशे लिव्हर पेन्शन मंजूर केलं. त्यांच्या नावाचं झाड मात्र २०१२ साली झालं! अमेरिकन संशोधकांनी एका नव्या वेलीला त्यांचं नाव दिलं, तीही वांग्याच्याच घराण्यातली. पेन्शनीच्या फायली सरकतात तशाच या फायलीही सरकत असाव्यात.

पांढरी पिटुनिया युरोपात १८२३ च्या सुमारास फुलली. जांभळीची कथा वेगळी. जेम्स ट्वीडी हे एडिंबरोच्या शाही वनस्पतिउद्यानातले मुख्य माळी. १८२५ साली, वयाच्या पन्नाशीत, हा गृहस्थ बायकामुलं घेऊन अर्जेंटिनाला निघून गेला. आमच्याकडे पन्नाशीत माणूस फार तर बदलापूरला फ्लॅट बुक करतो. ट्वीडी पुढे सदतीस वर्षं तिकडे झाडं शोधत हिंडले. त्यांनी पाठवलेल्या बियांतून १८३१ साली ग्लासगोला जांभळी पिटुनिया फुलली.

आता या दोघींचे स्वभाव बघा. पांढरी उभी वाढणारी, रात्री घमघमणारी. तिची वर्दळ पतंगांची. जांभळी जमिनीवर पसरणारी, वासाच्या भानगडीत न पडणारी, तिच्याकडे मधमाश्या. एक रात्रपाळीला, दुसरी दिवसपाळीला. रानात त्यांची गाठ पडायची मारामार. विलायती माळ्यांनी त्यांना शेजारी लावलं, हाताने पराग घातले, आणि चारपाच वर्षांत संकर तयार. आज जगातल्या बागांतल्या पिटुनिया म्हणजे मुख्यतः या दोघींची संतती. म्हणूनच एकाच पाकिटातली एक पोर झुडपासारखी ताठ उभी राहते आणि दुसरी कुंडीबाहेर लोळण घेते. आईवर गेली की बापावर, हा वाद तिथेही आहेच.

पुढे मग ज्याला त्याला हिला सजवायचा सोस. कॅलिफोर्नियात व्हेंच्युरा गावी थिओडोशिया शेफर्ड या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परसदारी बियाण्याचा धंदा उभा केला आणि ताटलीएवढ्या झालरीच्या पिटुनिया जगाला विकल्या. जपानात साकाता कंपनीने त्याहून कमाल केली. दुहेरी पाकळ्यांची पिटुनिया तोपर्यंत नशिबाचा भाग असे. बी पेराल त्यातल्या काहीच रोपांना दुहेरी फुलं. साकातावाल्यांनी अशी जोडी जमवली की पाकिटातलं प्रत्येक बी दुहेरीच निघावं. १९३४ साली अमेरिकेत त्याला पदक मिळालं आणि ते बी वजनाला सोन्यापेक्षा महाग विकलं गेलं. एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार बिया! शिंक आली तर तोळाभर दागिना गेला.

आणि तंबाखूच्या या मावसबहिणीला सरतेशेवटी आसरा कुणी दिला असेल? दारूवाल्यांनी. झुंबरासारखी लोंबणारी सर्फिनिया १९८९ साली जपानात बाजारात आणली ती व्हिस्कीवाल्या सनटोरीने, आणि १९९५ साली अमेरिकेत पदक मिळवणारी, सतरंजीसारखी पसरणारी पर्पल वेव्ह काढली बिअरवाल्या किरीनने. आमचे एक कट्टर निर्व्यसनी काका हे ऐकल्यापासून माझ्या गॅलरीत चहासुद्धा घेत नाहीत.

शास्त्रज्ञही मागे नव्हते. अमेरिकेत रिचर्ड जॉर्गेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जांभळा रंग आणखी गडद करायचा होता, म्हणून त्यांनी रंगाचा जीन जादा घातला. फुलं निघाली पांढरी! १९९० साली हे छापून आलं तेव्हा कुणालाच उलगडेना. जादा जीनमुळे मूळचासुद्धा गप्प बसला होता. (घरात दोन कर्ते पुरुष झाले की असंच होतं.) हे गप्प बसणं नेमकं कसं घडतं ते पुढे १९९८ साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीत दाखवलं, आणि २००६ साली त्यांना नोबेल मिळालं. पिटुनियाला काय मिळालं? नेहमीचं पाणी.

नारिंगी पिटुनियाची तर पोलिसी कथा. पिटुनियात मुळात नारिंगी रंग बनत नाही. जर्मनीत संशोधकांनी मक्याचा जीन घालून तो आणला आणि १९९० साली कोलोनला तीस हजार रोपं उघड्यावर लावून पाहिली. प्रयोग संपला, कागद बांधून ठेवले. २०१५ साली हेलसिंकीच्या रेल्वे स्टेशनजवळून जाताना तेमू तेरी या वनस्पतिशास्त्रज्ञाला एका कुंडीत नारिंगी पिटुनिया दिसली. "ही इथे कशी?" म्हणून त्याने प्रयोगशाळेत तपासली, तर आत मका! परवान्याशिवाय ती बिचारी कुठल्या वाटेने कुंड्यांत शिरली कोण जाणे, पण २०१७ साली युरोप-अमेरिकेत हजारो रोपं उपटून नष्ट करण्यात आली. २०२४ पासून अमेरिकेत अंधारात मिणमिणणारी पिटुनियाही विकत मिळते. तिच्यात अळंबीचे जीन आहेत आणि ती सगळे परवाने बाळगून आहे.

हे सगळं वाचून कुणाला लावावीशी वाटलीच तर थोडं व्यवहाराचं सांगतो. आपल्याकडे हे थंडीचं फूल. पुण्यात पावसाचा जोर ओसरला की, म्हणजे नवरात्राच्या आसपास, बी पेरावं. बारीक कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरायचं आणि वर माती अजिबात टाकायची नाही, त्याला उजेड लागतो. पाणीही वरून नको. परातीत पाणी घेऊन तीत कुंडी ठेवावी. आठदहा दिवसांत हिरवी धूळ दिसते. रोप चारपाच इंच झालं की शेंडा खुडायचा. इथे भल्याभल्यांचा हात थरथरतो. पण शेंडा खुडल्याशिवाय झुडूप भरत नाही, एकच काठी वर जाते आणि टोकाला एक फूल घेऊन उभी राहते, पंधरा ऑगस्टला झेंडा घेऊन उभ्या असलेल्या पोरासारखी. पाचसहा तास ऊन, शेणखत बेताने, आणि सुकलेली फुलं देठासकट काढत राहायचं.

निवड करताना मात्र पाकिटावरच्या चित्राला भुलू नये. मोठ्या फुलांची जात चित्रात राणीसारखी दिसते, पण अवकाळी पावसाची एक सर आली की तिचा ओला रुमाल होतो. लहान फुलांची, झुडूपवजा वाढणारी जात घ्यावी. फूल दीडदोन इंचांचं, पण पन्नास एकदम, आणि पावसानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. दुहेरी फुलाचं माझ्या मनात कधीच बसलं नाही. ते कोबीसारखं दिसतं आणि कोबी आठ दिवसांत विकतचा मिळतो.

पाकिटावर 'एफ-वन' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ आमच्या शेजारच्या आजींमुळे मला नीट कळला. त्यांचे यजमान पोस्टातून रिटायर झालेले. ते गेले त्याच्या आधीच्या थंडीत त्यांनी गुलाबी पिटुनियाचं पाकीट आणून लावलं होतं. पुढे दर मार्चला आजी त्याचं बी धरून ठेवू लागल्या, औषधाच्या पुडीत, वर तारीख घालून. पहिल्या वर्षी फुलं गुलाबी, पांढरी, जांभळट अशी संमिश्र निघाली. पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत गुलाबी जवळपास नाहीशीच झाली. फूल लहान झालं, संध्याकाळी थोडा वास येऊ लागला. मुलगा म्हणाला, "आई, नवीन पाकीट आणतो ना." आजी काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी कठड्यापाशी येऊन मला हळूच विचारलं, "अहो, तुम्ही वाचता ना यातलं. बी बदललं का हो? म्हणजे ह्यांनी लावलेलं ते आता हे नव्हेच?"

मी सांगितलं, की ते गुलाबी फूल म्हणजे दोन वेगळ्या वाणांचं पहिल्या पिढीपुरतं जमलेलं लग्न होतं. पुढच्या पिढ्यांत पत्ते पुन्हा पिसले जातात आणि खापरपणज्यांचे रंग वर येतात. पण पत्ते त्याच पाकिटातले. बाहेरून कुणी आणून टाकलेले नाहीत.

"नक्की?"

"मधमाश्या माझ्या कुंड्यांवरून तुमच्याकडे येतात. थोडंफार माझं मिसळलं असेल."

आजींनी माझ्या कुंड्यांकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "चालेल. ह्यांना तुमचं कौतुकच होतं. फक्त तो किरमिजी रंग तेवढा पलीकडच्या कोपऱ्यात हलवा. ह्यांना भडक आवडत नसे."

किरमिजी कुंडी मी त्याच दिवशी न्हाणीघराच्या खिडकीत हलवली. या मार्चला आजींनी दोन पुड्या बांधल्या. एक त्यांच्या डब्यात आणि एक माझ्या हातात, "असू द्या तुमच्याकडेपण, एकाच घरात ठेवू नये," म्हणून. माझ्या पुडीवर त्यांनी तारखेखाली यजमानांचं नाव घातलंय. नवरात्र यायला अजून वेळ आहे. पुडी सध्या आमच्या मिसळणाच्या डब्याशेजारी आहे, आणि ती मोहरी नव्हे हे घरात सगळ्यांना दोनदा सांगून झालंय.