उत्तेजक चाचणी : राज्यस्तरीय खेळाडूंसाठी नियम, प्रक्रिया आणि अधिकार

नवी दिल्ली : सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेचे, म्हणजेच ‘नाडा’चे, पथक जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर आल्याचे कळताच अनेक खेळाडूंनी मैदान सोडले. पुरुषांच्या १०० मीटर शर्यतीच्या अंतिम फेरीत एकच धावपटू धावला. उत्तेजकांचा प्रश्न आंतरराष्ट्रीय स्पर्धांपुरता मर्यादित नसल्याचे या प्रसंगाने स्पष्ट झाले.

जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या (वाडा) आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारताने तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी ३.८ टक्के नमुन्यांत निषिद्ध द्रव्ये आढळली. पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते.

कायद्याची चौकट
‘नाडा’ची स्थापना २००५ मध्ये झाली. संसदेने २०२२ मध्ये संमत केलेल्या राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक कायद्याने तिच्या कामकाजाला वैधानिक आधार मिळाला. नमुन्यांचे विश्लेषण करणाऱ्या दिल्लीतील राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यता ‘वाडा’ने ऑगस्ट २०१९ मध्ये निलंबित केली होती, ती डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा बहाल झाली.

चाचणीची प्रक्रिया
अधिकाऱ्याने ओळखपत्र दाखवून सूचना दिल्यानंतर नमुना देईपर्यंत खेळाडू देखरेखीखाली राहतो. लघवीचा किमान ९० मिलिलिटर नमुना आवश्यक असतो. मोहोरबंद संचाची निवड खेळाडू स्वतः करतो आणि नमुना ‘अ’ व ‘ब’ अशा दोन बाटल्यांत विभागला जातो. प्रयोगशाळेला खेळाडूचे नाव न कळता केवळ सांकेतिक क्रमांक कळतो. अल्पवयीन खेळाडूसोबत प्रतिनिधी उपस्थित राहू शकतो. ‘अ’ नमुना सदोष आढळल्यास ‘ब’ नमुन्याच्या तपासणीची मागणी करण्याचा आणि सुनावणीत बाजू मांडण्याचा अधिकार खेळाडूला आहे.

शिक्षेचे स्वरूप
शरीरात आढळलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूचीच मानली जाते. ‘प्रशिक्षकाने दिले’ किंवा ‘माहीत नव्हते’ एवढ्याने दोष टळत नाही. मात्र हेतू व निष्काळजीपणा किती होता, यावर शिक्षा कमी-अधिक होऊ शकते. स्टेरॉइडसारख्या द्रव्यांसाठी पहिल्याच गुन्ह्यात चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. नमुना देण्यास नकार देणे किंवा चाचणी जाणीवपूर्वक टाळणे हाही नियमभंगच असून त्यासाठीही तेवढीच बंदी आहे. विशीतल्या खेळाडूसाठी चार वर्षे म्हणजे बहुधा संपूर्ण कारकीर्द, तसेच खेळाडू कोट्यातून मिळू शकणारी सरकारी नोकरीही.

औषधे आणि पूरक आहार
अनवधानाने नियमभंग होण्याचा धोका लहान शहरांतील खेळाडूंना अधिक असतो, कारण तेथे क्रीडावैद्यकतज्ज्ञ सहज उपलब्ध नसतात. सर्दीवरील काही औषधांतील स्यूडोएफेड्रिन स्पर्धाकाळात ठरावीक मर्यादेपलीकडे निषिद्ध आहे. पूरक आहाराच्या डब्यावर नमूद नसलेली द्रव्येही त्यात असू शकतात. आजारपणात निषिद्ध औषध अपरिहार्य असल्यास वैद्यकीय कागदपत्रांसह उपचारार्थ सवलतीसाठी अर्ज करता येतो.

निषिद्ध द्रव्यांची सुधारित यादी दरवर्षी १ जानेवारीपासून लागू होते. औषध घेण्यापूर्वी ते ‘नाडा’च्या ‘नो युवर मेडिसिन’ ॲपवर तपासता येते. चाचणीच्या वेळी अर्जात अलीकडे घेतलेल्या सर्व औषधांची व पूरक आहाराची नोंद करणे खेळाडूच्या हिताचे ठरते.