औषधानुपालन मापन, एचआयव्ही-बाधित बालकांतील
वैद्याने ठरवून दिलेले औषध ठरलेल्या मात्रेत व ठरलेल्या वेळी घेतले जाते की नाही, हे पडताळून पाहण्यास औषधानुपालन मापन म्हणतात. प्रौढांच्या बाबतीत औषध घेणारा व त्याविषयी सांगणारा एकच असतो. लहान मुलांच्या बाबतीत औषध पाजणारा, ते घेणारा आणि दवाखान्यात येऊन माहिती देणारा या बहुधा निरनिराळ्या व्यक्ती असतात. एचआयव्ही-बाधित मुलाचे आईवडील हयात नसल्यास हे काम आजी, मावशी वा बालगृहातील सेविका यांच्याकडे जाते व त्यातही हात बदलत राहतात. त्यामुळे या मापनाचा इतिहास म्हणजे मुख्यत्वे कोणाच्या शब्दावर किती विसंबावे, या प्रश्नाचा इतिहास होय.

रुग्ण औषध घेतल्याचे खोटेच सांगतात, ही सूचना हिपॉक्राटीझ यांच्या नावावर मोडणाऱ्या ग्रीक ग्रंथांतही आढळते. पद्धतशीर मापनास मात्र क्षयाच्या उपचारांतून चालना मिळाली. मद्रास (आताचे चेन्नई) येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या क्षयविषयक रासायनी चिकित्सा केंद्रात वॉलेस फॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरी राहून उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या मूत्राची परीक्षा केली, तसेच पूर्वसूचना न देता घरी जाऊन उरलेले औषध मोजले. मुलांविषयीचा ठळक पुरावा १९६३ मध्ये अमेरिकेत एब्राहम बर्गमन व रिचर्ड वर्नर यांनी पुढे आणला. दहा दिवसांचे पेनिसिलीन दिलेल्या ५९ मुलांपैकी ५६ टक्क्यांचे औषध तिसऱ्या दिवशी, तर ८२ टक्क्यांचे नवव्या दिवशी बंद झालेले होते. औषध विनामूल्य होते व आजार कोणता हे पालकांना ठाऊक होते, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे.

मुलांसाठी झिडोव्हुडीन हे औषध अमेरिकेत १९९० मध्ये मान्य झाले व १९९६ च्या सुमारास अनेक औषधांचा एकत्रित उपचार रूढ झाला [⟶ एड्स]. मात्रा वारंवार चुकल्यास विषाणू औषधांना दाद देईनासा होतो. मुलांसाठी पर्यायी औषधे मोजकीच असल्याने त्यांचे नुकसान अधिक होते. डेव्हिड पॅटरसन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखविले की, ९५ टक्के वा अधिक मात्रा घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांत, तर ८० टक्क्यांहून कमी घेणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांत उपचार निष्फळ ठरला. ९५ टक्क्यांची ही मर्यादा पुढे मुलांनाही लावण्यात आली. मूळ अभ्यास प्रौढांचा व त्या काळच्या औषधांचा होता, याचा विसर पुष्कळांना पडला.

मागील तीन दिवसांत किती मात्रा चुकल्या, असे पालकास विचारणे ही सर्वांत सोपी पद्धत. बोलणी बसण्याच्या भीतीने उत्तरे वाढीव येतात. गोळ्या मोजता येतात. पातळ औषधाच्या बाटलीचे मात्र वजन करावे लागते, आणि सांडलेले वा मुलाने थुंकलेले औषधही ‘घेतलेले’ ठरते. कडवट चवीच्या द्रवांत ही चूक लहान नसते. वजनानुसार मात्रा बदलली की मागचा हिशेबही बदलतो. इलेक्ट्रॉनिक झाकण बाटली उघडल्याची तारीख व वेळ नोंदविते; पण आठवड्याच्या गोळ्या एकदम डबीत काढून ठेवणारी काटेकोर आजी या यंत्राच्या लेखी निष्काळजी ठरते. केनियातील एल्डोरेट येथे रेचेल व्रीमन व सहकाऱ्यांनी मुलांविषयीची प्रश्नावली अशाच झाकणांच्या नोंदींशी ताडून पाहिली. रक्तातील औषधाचे प्रमाण अलीकडच्या थोड्या मात्रांचेच निदर्शक असते, तर केसांतील प्रमाणावरून काही आठवड्यांचा अंदाज बांधता येतो.

भारतात विनामूल्य प्रतिविषाणू उपचार १ एप्रिल २००४ रोजी आणि बालकांसाठीचा स्वतंत्र उपक्रम ३० नोव्हेंबर २००६ रोजी सुरू झाला. मुलांच्या वजनास जुळणाऱ्या संयुक्त गोळ्या उपलब्ध झाल्यावर उरलेल्या गोळ्या मोजणे हीच केंद्रांतील नेहमीची रीत ठरली. त्यांपैकी काही गोळ्या मुंबईच्या कंपन्यांनी बनविल्या. गोळ्यांच्या या मोजणीस पुढे रक्तातील विषाणुभाराच्या तपासणीची जोड मिळाली व २०१८ पासून ती नियमित झाली. तथापि भार वाढलेला आढळल्यास मात्रा चुकल्या की विषाणू औषधास जुमानत नाही, हे एका तपासणीने कळत नाही. म्हणून पालकांना व समजत्या वयाच्या मुलाला समुपदेशन करून, सुमारे तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात आणि त्यानंतरच औषधे बदलण्याचा विचार होतो. मुलाला आपल्या आजाराचे नाव सांगितलेले नसेल, तर या समुपदेशनात त्याच्याशी नेमके काय बोलावे हा प्रश्न प्रत्येक घरी निराळा असतो.