लॅब्रडॉर की जर्मन शेफर्ड? आपल्या घरासाठी कोणता?



"आई, आपण कुत्रा घेऊया ना!" हा हट्ट अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांत कधी ना कधी होतोच. मोठा कुत्रा घ्यायचा ठरले की शेवटी दोन नावे उरतात, लॅब्रडॉर आणि जर्मन शेफर्ड. दोन्ही जाती उत्तम आहेत. प्रश्न आहे तो आपल्या घराचा. घरी दिवसभर कोण असते, आई-वडील सहा महिने राहायला येतात का, आणि पाहुण्यांचा राबता किती, यावर निवड करावी.

थोडी ओळख

लॅब्रडॉरचे पूर्वज कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर काम करत. पुढे इंग्लंडमध्ये शिकार केलेली बदके पाण्यातून उचलून आणण्यासाठी ही जात तयार झाली. अमेरिकन केनेल क्लबच्या नोंदणीत १९९१ ते २०२१ अशी सलग ३१ वर्षे लॅब पहिल्या क्रमांकावर होता. २०२२ मध्ये ती जागा फ्रेंच बुलडॉगने घेतली.

जर्मन शेफर्ड म्हणजे आपण लहानपणी ज्याला 'अल्सेशियन' म्हणायचो तोच. जर्मनीत १८९९ मध्ये माक्स फॉन स्टेफानित्झ यांनी मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांमधून ही जात घडवायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धानंतर 'जर्मन' शब्द नको म्हणून ब्रिटनमध्ये त्याला अल्सेशियन म्हणू लागले आणि तेच नाव भारतात रुजले.

स्वभाव

लॅबला सगळे जग मित्र वाटते. गणपतीला ४० माणसे घरात आली तरी तो प्रत्येकाचे स्वागत करील. पण राखणदार म्हणून फारशी अपेक्षा ठेवू नये! दुसरे म्हणजे तो दोन-तीन वर्षांचा होईपर्यंत पिल्लासारखाच धसमुसळा असतो. चपला, रिमोट, सोफा, काहीही चावतो.

शेफर्ड घरच्या माणसांवर जीव टाकतो, परक्यांना मात्र जोखून पाहतो. तो अतिशय हुशार असतो आणि पटकन शिकतो. पण पिल्लू असतानाच त्याला वेगवेगळी माणसे, मुले, आवाज यांची सवय लावली नाही, तर मोठेपणी दारावरची प्रत्येक बेल हा त्याला धोका वाटतो. ज्यांच्याकडे दर शनिवारी मित्रमंडळी जमतात त्यांनी याचा जरूर विचार करावा.

आजी-आजोबा घरी असतील तर

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. पूर्ण वाढलेला नर लॅब ६५ ते ८० पौंडांचा आणि नर शेफर्ड ६५ ते ९० पौंडांचा असतो. माद्या थोड्या हलक्या. लॅबने प्रेमाने उडी मारली किंवा शेफर्डने पट्ट्याला हिसका दिला, तरी सत्तरीतल्या माणसाचे हाड मोडू शकते. म्हणून उडी न मारणे आणि पट्टा न ओढणे हे दोन धडे पहिल्या वर्षातच पक्के करून घ्यावेत. आजी-आजोबांनी मोठ्या कुत्र्याला एकट्याने फिरायला न्यावे अशी अपेक्षा ठेवू नये. ते येणार त्याच महिन्यात नवीन पिल्लूही आणू नये.

रोजचे काम

- व्यायाम: दोघांनाही रोज एक ते दोन तास हवेत, शिकागोच्या जानेवारीतसुद्धा. शेफर्डला डोक्यालाही काम लागते.
- केस: दोघांचेही वर्षभर गळतात, ऋतू बदलताना जास्तच. शेफर्डचे काकणभर अधिक. घरात कुणाला ॲलर्जी असेल तर दोन्ही नकोत.
- एकटेपणा: दोघेही नोकरीला जात असाल, तर दुपारी फिरवायला माणूस लावावा लागेल.

खाणे

लॅब हावरट असतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये असे आढळले, की सुमारे एक चतुर्थांश लॅबमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकात दोष असतो. म्हणून वाटी मोजूनच द्यावी.

नुसत्या दही-भातावर किंवा दूध-पोळीवर एवढा मोठा कुत्रा वाढत नाही. पाकिटावर 'संपूर्ण व संतुलित आहार' असे लिहिलेले खाद्य द्यावे. मनुका, बेदाणे, द्राक्षे, कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेली साखरविरहित च्युइंगम कुत्र्याला विषारी आहेत. मनुका घातलेला प्रसादाचा शिरा टेबलाच्या कडेला ठेवू नये, आणि हे पाहुण्यांनाही सांगून ठेवावे.

आजार

खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार दोन्ही जातींत आहे. पिल्लू घेण्यापूर्वी त्याच्या आई-वडिलांच्या खुब्यांचा 'ओएफए' दाखला ब्रीडरकडे मागावा. दाखला नसेल तर दुसरीकडे जावे. शेफर्डमध्ये मागचे पाय हळूहळू लुळे पडण्याचा मज्जारज्जूचा आजारही दिसतो. त्याच्या पोटाला पीळ पडण्याचा धोकाही असतो. पोट फुगले, नुसते उमासे येत आहेत असे दिसले, तर सकाळची वाट न पाहता इमर्जन्सी व्हेट गाठावा. लॅब साधारण १२ वर्षे जगतो, शेफर्ड साधारण १०.

घर, विमा आणि भारतवारी

अनेक अपार्टमेंटमध्ये आणि काही विमा कंपन्यांच्या यादीत शेफर्डला मनाई असते. लॅबला सहसा नसते, पण वजनाची मर्यादा त्यालाही आडवी येते. कुत्रा घेण्याआधी लीज आणि पॉलिसी दोन्ही वाचावीत.

कुत्र्याला भारतात नेऊन परत आणायचे असेल, तर १ ऑगस्ट २०२४ पासून सीडीसीचे नियम कडक झाले आहेत. भारत रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. मायक्रोचिप हवी, वय किमान सहा महिने हवे, आणि अमेरिकेत दिलेल्या रेबीज लशीचे यूएसडीएने शिक्कामोर्तब केलेले प्रमाणपत्र अमेरिका सोडण्यापूर्वीच घ्यावे लागते.

मग कोणता?

लहान मुले, येणारे-जाणारे पाहुणे, वयस्कर आई-वडील आणि पहिलाच कुत्रा असेल, तर लॅब. मुले मोठी, पाहुणे मोजके आणि रोज शिकवायला वेळ देणारे एक माणूस घरात असेल, तर शेफर्ड. धावपळीच्या घरात शेल्टरमधला चार-पाच वर्षांचा शांत लॅब पिल्लापेक्षा बरा.

शेवटी एक हिशेब जरूर करा. हट्ट करणारा मुलगा आज १० वर्षांचा असेल, तर तो कॉलेजला जाईल तेव्हा कुत्रा आठ वर्षांचा, म्हणजे म्हातारपणाकडे झुकलेला असेल. त्याला फिरवणारे तुम्हीच असाल. हे मनापासून मान्य असेल, तर घरात नवीन मेंबर जरूर आणा. शुभेच्छा!